मतलई वारे, चौकोन आणि आपला समुद्र
(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

व्यासपीठावर बसलेले आणि पहिल्या रांगेत बसायला नको म्हणून मागे जाऊन बसलेले सगळे सर, बाई, आणि माझ्या वर्गमैत्रिणींनो, मित्रांनो,

आयोजकांनी फोनवर सांगितलं, "तू काय काम करतेस ते वीस मिनिटांत सांग, पण आम्हाला कळेल असं." यातला पहिला भाग सोपा आहे. दुसऱ्याचं काय ते तुम्ही शेवटी ठरवा. माझ्या सासूबाई गेली नऊ वर्षं सोसायटीत "आमची सून वेधशाळेत आहे" असं सांगतात, आणि पाऊस चुकला की शेजारणी जिन्यात मला धरतात. मी वेधशाळेत नाही. मी हवामानशास्त्रज्ञही नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पदवी घेतल्यावर चौदा वर्षं बँकांची सॉफ्टवेअर लिहिली, आणि २०१६ पासून पुण्यात एका गटाबरोबर समुद्र आणि हवा एकत्र चालवणाऱ्या मॉडेलवर काम करते.

तुमच्यापैकी बहुतेकांना हे काम माहीत आहे, फक्त त्याचं नाव माहीत नाही. भूगोलाच्या बाई इथे आहेत म्हणून सांगते. "खारे वारे व मतलई वारे आकृतीसह स्पष्ट करा", गुण चार. दिवसा जमीन लवकर तापते, वरची हवा वर जाते, समुद्रावरची गार हवा आत येते, हे खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते, समुद्र गरम राहतो, वारा उलटा फिरतो, हे मतलई वारे. आमच्यातले अर्धे हे पाठ करत होते आणि जीवना बंदरावरची मुलं हसत होती, कारण त्यांचे वडील रोज पहाटे त्याच वाऱ्यावर बाहेर पडायचे. मी आज जे करते ते त्या चार गुणांच्या प्रश्नाचं मोठं उत्तर आहे. पाणी हवेला काय देतं, हवा पाण्याला काय परत करते, आणि या देवाणघेवाणीतून आपल्या किनाऱ्याचं पुढच्या तीस-चाळीस वर्षांत काय होईल.

आता मॉडेल म्हणजे काय. पृथ्वीवर, किंवा तिच्या एका तुकड्यावर, चौकोनांची जाळी टाकायची, मासे धरायची असते तशी. प्रत्येक चौकोनावर हवेचे थर एकावर एक रचायचे. प्रत्येक खणात तापमान, दाब, वारा, बाष्प एवढे आकडे ठेवायचे. मग न्यूटनचे नियम आणि उष्णतेचे नियम लावून विचारायचं: शेजारच्या खणांत असं असं आहे, तर दोन मिनिटांनी माझ्या खणात काय असेल? ते लिहून ठेवायचं आणि पुन्हा विचारायचं. असं लाखो वेळा.

हे पहिल्यांदा करून बघितलं लुईस फ्राय रिचर्डसन नावाच्या इंग्रज माणसानं, हातानं, कागदावर. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्समध्ये जखमी सैनिकांची रुग्णवाहिका चालवत होता आणि मोकळ्या वेळात २० मे १९१० या एका दिवसाच्या सहा तासांचं हवामान काढत होता. त्याचं उत्तर आलं, सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबारनं वाढेल. असं पृथ्वीवर कधी होत नाही. पण १९२२ मध्ये त्यानं पुस्तक लिहिलं आणि चुकलेलं उत्तर त्यात सगळं छापलं. हे काम वेळेत करायला ६४,००० माणसं एका मोठ्या गोल सभागृहात बसवून आकडेमोड करावी लागेल, असंही त्यानं लिहिलं. गणिताचे सर आम्हाला "उत्तर चुकलं तरी पायऱ्या दाखवा, गुण मिळतील" म्हणायचे. रिचर्डसनला पायऱ्यांचे गुण सगळ्या जगानं दिले. आज आपण जे करतो ते त्याच पायऱ्यांनी.

चौकोन जेवढा लहान, तेवढं चित्र स्पष्ट. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं आहे, कारण आपल्या पाठीशी सह्याद्री उभा आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि घाट उतरून वाईला गेलात तर हजारही नाही. दोन्ही गावं ३८ किलोमीटरच्या चौकोनात जवळजवळ शेजारी झोपतात. तो चौकोन मग दोन्हींची सरासरी सांगतो, आणि ती सरासरी ना महाबळेश्वरची असते ना वाईची. शिवाय एवढ्या मोठ्या चौकोनात डोंगराच्या उंचीचीही सरासरी होते. कडे जातात, बुटका उतार उरतो. तो ढगांना अडवणार काय!

मग लहान चौकोन का घेत नाही? खर्च. चौकोनाची बाजू निम्मी केली की संख्या चौपट होते. एवढ्यावर भागत नाही, वेळेची पावलंही निम्मी करावी लागतात. कारण एका पावलात वारा एका चौकोनाच्या पलीकडे उडी मारून गेला तर हिशोब कोसळतो. एसटीतला कंडक्टर दर पाच मिनिटांनी तिकिटं मोजतो आणि गाडी तेवढ्यात दोन थांबे ओलांडते, असं झालं तर मधल्या थांब्यावर कोण चढलं-उतरलं ते कळणार कसं? म्हणून निम्मा चौकोन म्हणजे आठपट काम. १२ किलोमीटरवरून ३ वर यायचं तर चौसष्टपट. पुण्यात पाषाणला उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत २०१८ मध्ये 'प्रत्युष' हा महासंगणक आला, २०२४ मध्ये 'अर्क' आला, तरी रांगा संपत नाहीत. म्हणूनच साऱ्या पृथ्वीचं काम मोठ्या चौकोनांनी करतात आणि आपल्याला हव्या त्या तुकड्यावर, समजा अरबी समुद्र आणि पश्चिम किनारा, बारीक जाळी टाकतात. तुकड्याच्या कडेवर काय चाललंय ते पृथ्वीच्या मॉडेलकडून उसनं घेतात. हे उसनं घेणं लक्षात ठेवा, त्याकडे मी परत येणार आहे.

आता समुद्र. बरीच वर्षं प्रादेशिक मॉडेलमध्ये समुद्र म्हणजे नुसता पाट असायचा. त्याचं तापमान बाहेरून लिहून द्यायचं, हवा त्यावर काय वाटेल ते करू दे, समुद्र बदलत नाही. म्हणजे गॅस कधी न संपणारी शेगडी. खरा समुद्र असा नसतो. वादळ समुद्रावरून जातं तेव्हा वरचं गरम पाणी ढवळतं आणि खालचं गार पाणी वर येतं. मागे गार पाण्याचा पट्टा राहतो, कधी दोन-तीन अंशांनी गार. वादळ रेंगाळलं तर ते स्वतःच्याच शेगडीवर पाणी ओततं. समुद्र पाटासारखा धरला तर मॉडेल वादळाला हवं त्याहून जास्त जोर देतं. आणि मोसमी वाऱ्यांचंही तेच. आपला अरबी समुद्र मे महिन्यात सगळ्यांत गरम असतो. जगातले बाकीचे उत्तरेकडचे समुद्र उन्हाळाभर तापत जातात, आपला जून लागला की निवायला लागतो, कारण तेच मोसमी वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यावर खालचं गार पाणी वर ओढतात. गार समुद्र म्हणजे कमी बाष्प. म्हणजे वारा समुद्र बदलतो, समुद्र पाऊस बदलतो. एकाला धरून दुसऱ्याचं उत्तर काढणं म्हणजे भांडणाऱ्या नवरा-बायकोपैकी एकालाच विचारून निकाल देणं.

दोघांना एकत्र बसवण्याचं काम पहिल्यांदा केलं स्युकुरो मानाबे आणि कर्क ब्रायन यांनी, अमेरिकेत प्रिन्स्टनला, १९६९ मध्ये. त्यांच्या त्या मॉडेलमध्ये खऱ्या खंडांचे आकारही नव्हते. मानाबेंना २०२१ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा आमच्या गटात पेढे वाटले गेले, जसं काही आमच्याच घरातलं लग्न. मधली बरीच वर्षं अशी गेली की दोघांना एकत्र सोडलं की हळूहळू समुद्र गारठायचा नाहीतर तापायचा, आणि सगळं खऱ्या पृथ्वीपासून वाहवत जायचं. मग लोक मध्येच थोडी उष्णता घालायचे किंवा काढायचे. वर्गणीचा हिशोब जुळेना की आपण शेवटी 'किरकोळ' असं लिहायचो, तसं. आता ते करत नाहीत, पण आजार पूर्ण गेलेला नाही. अशा अनेक मॉडेलांत वसंतात अरबी समुद्र असतो त्याहून गार निघतो आणि भारतावरचा पाऊस कमी पडतो.

माझं काम या दोघांच्या मधलं. समुद्राचा प्रोग्राम वेगळ्या लोकांनी लिहिलेला, हवेचा वेगळ्या, दोन्ही फोर्ट्रानमध्ये, काही ओळी आपल्या जन्माच्या आधीच्या. दोघांची जाळी वेगळी, कारण समुद्रातले भोवरे हवेतल्यापेक्षा लहान असतात, त्याला चौकोन बारीक लागतात. दोघांची घड्याळं वेगळी. आमच्याकडे हवेचे चौकोन १२ किलोमीटरचे होते, समुद्राचे ४ चे. दर तासाला दोघं थांबतात आणि मधला मध्यस्थ निरोप पोचवतो. वारा इतका, ऊन इतकं, पाऊस इतका, हे खाली. पाण्याचं तापमान, प्रवाह, हे वर. त्या मध्यस्थाला कपलर म्हणतात आणि मी त्याची माणूस. बँकेचा अनुभव इथे फार कामी आला. एका खात्यातून शंभर निघाले तर दुसऱ्यात शंभरच जमा व्हायला हवेत. हवेनं दिलेली उष्णता पाण्याला तेवढीच मिळाली पाहिजे. समुद्राचं पाणी उष्णतेच्या बाबतीत फार मोठं खातं आहे. वरच्या अडीच-तीन मीटर पाण्यात जेवढी उष्णता मावते, तेवढी सगळ्या वातावरणात मावते. तिथे पैशाची चूक झाली तरी पुढे ती फिरत राहते.

माझी पहिली मोठी चूक आपल्याच किनाऱ्यावर सापडली. आमचं मॉडेल कोकणात पाऊस कमी दाखवत होतं. सगळे म्हणाले, हा तर जुनाच आजार, सगळ्यांना आहे. मीही तेच म्हणत होते. दोन महिने गेले. एका संध्याकाळी नकाशा उघडला आणि नकाशा उघडला की माणूस पहिल्यांदा काय शोधतो? आपलं गाव. आपल्या समोरच्या समुद्राच्या चौकोनावर बाण ठेवला. मे महिना. तापमान साडेचौदा अंश.

दहावीची परीक्षा संपल्यावर मे महिन्यात आपण सगळे समुद्रात उतरलो होतो, आठवतं? ओरडा खाल्ला होता. ते पाणी काय साडेचौदा अंश होतं? ते दुपारच्या पिंपातल्या पाण्यासारखं होतं. खाली बघितलं, हर्णै, तेच. वर मुरूड, तेच. सगळ्या किनाऱ्याला एका चौकोनाची गार किनार. नकाशावर किनारपट्टीची काळी रेघ जाड काढलेली होती, तिच्याखाली ती झाकून गेली होती. कारण साधं होतं. समुद्राचा प्रोग्राम जमिनीवर तापमानाच्या जागी शून्य लिहून ठेवतो, 'इथे पाणी नाही' या अर्थानं. माझा कपलर ते शून्य खरं तापमान समजून शेजारच्या २९ बरोबर सरासरी काढत होता. एकोणतीस आणि शून्य, भागिले दोन. सहावीचं गणित. दुरुस्ती सात ओळींची. कोकणातला पाऊस बराचसा जागेवर आला, सगळा नाही. तेव्हापासून मी कोणी "हा तर मॉडेलचा जुनाच आजार" म्हटलं की आधी किनाऱ्यावर बाण ठेवते.

इथवर मी हसत सांगितलं. आता जे सांगायचं आहे ते इथल्याच लोकांसमोर सांगायचं होतं, म्हणून आले.

२ जून २०२०. टाळेबंदी. अरबी समुद्रात वादळ झालं होतं, बांगलादेशानं सुचवलेलं नाव, निसर्ग. पाणी तीस अंशांच्या वर तापलेलं होतं, आणि वादळाला साडेसव्वीसच्या वर पुरतं. संध्याकाळी बाबांचा फोन आला. "तुझं यंत्र काय म्हणतंय?" आमचं मॉडेल उद्याचा अंदाज देत नाही, ते दशकांचं काम करतं. पण मी सगळ्यांचे नकाशे बघत होते. सगळ्यांत रेघ अलिबागजवळ लागत होती. मी म्हणाले, "बाबा, ते अलिबागला लागतंय. आपल्यापासून साठ-सत्तर किलोमीटर वर. दारं-खिडक्या लावा, घरातच थांबा. या दिवसांत कुठे जाऊ नका." आजाराची भीती होती, दोघंही सत्तरीच्या पुढचे.

सकाळी नऊच्या सुमाराला आपल्याच वर्गातला एक जण आमच्या अंगणात आला. तो आज मागे बसलाय, नाव घेऊ नकोस म्हणालाय. होडी आहे त्याची जीवना बंदरात. बाबांनी त्याला सांगितलं, मुलगी म्हणते अलिबागला आहे. तो म्हणाला, "काका, बातमीत हरिहरेश्वर ते दमण म्हटलंय. म्हणजे आपण आलो त्यात." त्यानं आईला जवळजवळ उचललंच आणि दोघांना इथे, शाळेत आणलं. खालच्या मजल्यावर, दहावी ब च्या वर्गात.

दुपारी वादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं. ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटरचा वारा, झोत एकशेवीसचे. आमच्या घराचं अर्धं छप्पर गेलं. कौलं, वाशे, सगळं माजघरात. आई ज्या कोपऱ्यात दुपारी पडते तिथे तुळई पडली होती.

मला काय माहीत असायला हवं होतं? सगळं. आपल्या गोलार्धात वादळ घड्याळाच्या उलट फिरतं. ते ईशान्येकडे जात असेल तर त्याच्या उजव्या हाताला फिरण्याचा वेग आणि पुढे सरकण्याचा वेग एकत्र होतात. चालत्या गाडीत पुढे पळणाऱ्या माणसासारखे. अलिबागच्या उजव्या हाताला कोण? मुरूड, दिवेआगर, आपण. हे मी भाषणांत लोकांना समजावून सांगितलं होतं. पण बाबांचा फोन आला तेव्हा मी रेघ बघितली. हवामान खात्याचं वाक्य बरोबर होतं, दोन गावांची नावं घेऊन पट्टा सांगणारं. ते ज्यानं वाचलं त्याच्याकडे होडी होती, माझ्याकडे नकाशा होता. वडिलांना काहीतरी निश्चित सांगावं, असं मुलीला वाटतं. मी निश्चित सांगितलं.

चार दिवस फोन लागला नाही. ई-पास काढून मी सात तारखेला निघाले, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा. रस्त्यात झाडं कापत कापत लोक वाट करत होते. वाडीत पोचले तर मला आमची वाडी ओळखू येईना, कारण आजवर मी ती कधी उजेडात बघितलीच नव्हती. पोफळी आणि माडांच्या सावलीशिवाय ती केवढीशी दिसत होती. तुम्हा इथल्या लोकांना मी हे काय सांगू, तुमच्याही तशाच झाल्या. रोठा सुपारीची आजोबांच्या हातची झाडं एका दिशेला आडवी, विंचरल्यासारखी. बाबा रहाटाच्या कठड्यावर बसले होते. मला रागावले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "तुझ्या त्या चौकोनांत आपलं घर होतं का गं?"

मी पुण्याला येऊन बघितलं. बारा किलोमीटरच्या चौकोनात अर्ध्याहून जास्त पाणी असलं की तो सगळा चौकोन समुद्र धरला जातो. आपलं गाव जिथे येतं, तो चौकोन समुद्र होता. शाळा, देऊळ, एसटी स्टँड, आमची वाडी, सगळं पाणी. मी फोनवर सांगितलं, "नव्हतं, बाबा. तिथे समुद्र होता." ते हसले. म्हणाले, "मग वादळ आलं तेव्हा तुमच्या यंत्राला काही पडलेलं दिसलं नसेल."

नंतरची दोन वर्षं मी याच कामावर घालवली. एक तर एकाच चौकोनात जमीन किती आणि पाणी किती, हे दोन्ही वेगवेगळं धरायचं आणि त्यांची देवाणघेवाण आपापल्या वाट्यानं करायची. दुसरं, किनाऱ्यालगत हवेचे चौकोन तीन किलोमीटरचे. चारच्या खाली गेलं की गडगडाटी ढग मॉडेलमध्ये आपले आपण उभे राहायला लागतात. त्याहून मोठ्या चौकोनात त्यांच्यासाठी अंदाजाचं सूत्र बसवावं लागतं. चौसष्टपट खर्च म्हणून सगळी वर्षं चालवता येत नाहीत, निवडक काळ चालवतो. आता आपलं गाव जमिनीवर आहे. घाटाला कडे आहेत. वादळामागे गार पाण्याचा पट्टा दिसतो.

पण मला यात एक भीती वाटते, ती बोलून दाखवते. बारीक चौकोनांचं चित्र इतकं खऱ्यासारखं दिसतं, की लोकांना ते खरंच वाटतं. गाव दिसलं, खाडी दिसली, की माणूस विचारतो, "मग २०४५ साली आमच्या गल्लीत काय?" कडेवरून येणारी माहिती उसनी आहे, मोठ्या चौकोनांची. तिकडे अरबी समुद्र गार असेल तर आमच्याकडे ती चूक फक्त जास्त सुबक होऊन येते. कुठल्या तारखेला कुठलं वादळ, हे अशा मॉडेलचं काम नाही. ते सांगतं की अशा दिवसांचं प्रमाण कसं बदलेल. आणि तेही एका मॉडेलचं एक उत्तर धरून नाही, अनेकांची अनेक उत्तरं शेजारी ठेवून. गेल्या काही वर्षांत मला दोन-तीन कंपन्यांनी गावागावाचा 'हवामान धोका' एका आकड्यात काढून द्याल का म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं. एकदा निश्चित सांगून झालंय माझं.

बाबांनी मात्र त्याच पावसाळ्यात विचारलं, "लावू का पुन्हा पोफळी?" पोफळ धरायला पाच-सात वर्षं, मग पन्नास वर्षं देते. वय त्यांचं चौऱ्याहत्तर. हा प्रश्न खरा माझ्या कामाचा होता, आणि तो इतक्या सरळ मला कुठल्याही बैठकीत कोणी विचारलेला नाही. पुण्याच्याच शास्त्रज्ञांनी मोजलेलं पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालं: १९८२ ते २००० या काळाच्या मानानं २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली, आणि ती टिकतातही जास्त वेळ. त्या मे महिन्यात तौक्ते आलंच, किनाऱ्यानं वर सरकत गुजरातेत गेलं. पण ही बेरीज सगळ्या अरबी समुद्राची आहे. त्यातली कितीतरी ओमानकडे जातात, कितीतरी समुद्रातच विरतात. आमच्या वाडीवर पुन्हा कधी, हे त्या आकड्यात नाही. मी बाबांना यातलं जेवढं तेव्हा माहीत होतं तेवढं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "लावा किंवा लावू नका असं मी सांगणार नाही." ते म्हणाले, "हे बरं सांगितलंस." आणि लावली. पण समुद्राच्या बाजूला सुरू आणि उंडीची आड घातली, पोफळींच्या दोन ओळी कमी केल्या, मध्ये जायफळ आणि मिरी. विम्याचे कागद पहिल्यांदाच नीट भरले. आणि घराच्या मागच्या दोन खोल्यांवर स्लॅब टाकला, "पुढच्या वेळी त्या पोराला आमच्यासाठी यायला लागू नये" म्हणून.

बाबा २०२३ मध्ये गेले. आई आहे, आज येणार होती, गुडघ्यांनी दगा दिला.

यंदा दोन पोफळींना पहिली पोय आली आहे. मी काल बघून आले. ज्यांना बघायची असेल त्यांनी उद्या सकाळी आठपर्यंत या, आई चहा आणि आंबोळ्या करणार आहे. मागे बसलेल्या गृहस्थांनी मासळी आणायचं कबूल केलंय, वारा ठीक असला तर. मी त्यांना उद्याच्या वाऱ्याचं विचारलं, त्यांनी मला नाही विचारलं.